पाळक नसलेले सेवक : मेथडिस्ट परंपरेत सामान्य सभासदाचे स्थान काय?

न्यू टाउन (कोलकाता) : कोलकात्याच्या ईशान्येस, राजारहाट परिसरातील शेतजमिनी व जलाशयांच्या पट्ट्यावर न्यू टाउन हे नियोजित शहर उभे राहिले आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिडको’ या राज्य सरकारी महामंडळाने त्याची आखणी केली. रुंद रस्ते, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि उंच निवासी इमारती ही या शहराची ओळख आहे. २०११ पासून येथे टाटा मेडिकल सेंटर हे कर्करोग रुग्णालयही सुरू आहे. नोकरीसाठी आलेली कुटुंबे आणि उपचारांसाठी आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक असे दोन प्रकारचे परगावचे लोक या शहरात शेजारी शेजारी राहतात.

नव्या शहरात सदनिका आधी येतात. प्रार्थनास्थळे आणि नियुक्त धर्मोपदेशक मागाहून येतात. कोलकात्यातील मेथडिस्ट परंपरेची जुनी चर्च जुन्या शहरात आहेत. थोबर्न मेथडिस्ट चर्च धरमतल्याला आहे, तर ब्रिटिश वेस्लियन परंपरेचे चर्च सदर स्ट्रीटवर आहे. रविवारच्या उपासनेसाठी तेथवर जाता येते. परंतु मंगळवारी रात्री भाड्याच्या खोलीत एखाद्या रुग्णाची प्रकृती ढासळली, एखाद्याची नोकरी गेली किंवा एखाद्या घरात मृत्यू झाला, तर धीर द्यायला कोणी जायचे? नियुक्त पाळक येईपर्यंत थांबायचे की जवळ राहणाऱ्या परिचारिकेने, लेखापालाने वा गृहिणीने ती जबाबदारी आपलीच मानायची?

‘जो जवळ आहे, तोच सेवक’ असे मेथडिस्ट परंपरेचे या प्रश्नाला उत्तर आहे. हे उत्तर जवळपास तीन शतके जुने आहे आणि भारतात ते प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आले ते मुंबई व कोलकाता या दोन शहरांत. मात्र ते जितके सोपे दिसते तितके सोपे कधीच नव्हते.

‘मिनिस्टर’ म्हणजे कोण?

इंग्रजीतील ‘मिनिस्टर’ हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राज्यकारभारातील मंत्री उभा राहतो. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक हाच शब्द धर्मोपदेशकासाठी वापरतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘सेवक’ असा आहे. मराठी ख्रिस्ती समाजात दीक्षा मिळालेल्या धर्मोपदेशकाला सामान्यतः ‘पाळक’ म्हणतात आणि त्याच्या देखरेखीखालील समुदायाला ‘मंडळी’. ज्याला अशी दीक्षा मिळालेली नाही, तो सामान्य सभासद.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने सर्व श्रद्धावंतांच्या याजकत्वाचा सिद्धांत मांडला. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहितांच्या वेगळ्या वर्गाची मध्यस्थी अनिवार्य नाही, हे त्याचे सार होते. प्रॉटेस्टंट पंथांनी हा सिद्धांत मान्य केला. परंतु व्यवहारात व्यासपीठ बहुतांशी दीक्षित व्यक्तीकडेच राहिले. अठराव्या शतकातील मेथडिस्ट चळवळीने या सिद्धांताला आठवड्याच्या वेळापत्रकात जागा करून दिली, हे तिचे वेगळेपण होते.

कर्जफेडीतून निघालेली वाट

चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हे स्वतः चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. सामान्य माणसांच्या हाती काम सोपविण्याची कोणतीही योजना त्यांनी सुरुवातीला आखलेली नव्हती. ती वाट एका हिशेबाच्या अडचणीतून निघाली.

ब्रिस्टल येथील सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये बैठक भरली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना पुढे आली. अनेकांना तेवढेही परवडणारे नव्हते. तेव्हा फॉय नावाच्या एका कप्तानाने तोडगा सुचविला : अकरा गरीब सभासद माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याच्याकडे देण्यासारखे काही नसेल त्याची रक्कम मी भरीन. इतरांनीही तशीच जबाबदारी घेतली.

हे प्रमुख घरोघरी जाऊ लागले, तेव्हा त्यांना पैशांखेरीज बरेच काही दिसले. कुठे आजारपण होते, कुठे दारूचे व्यसन, कुठे पती-पत्नीतील तंटा. वसुलीसाठी गेलेली माणसे विचारपूस करून, कधी समज देऊन, तर कधी मदतीची सोय करून परतू लागली. वेस्लींनी या व्यवस्थेचे महत्त्व ओळखले आणि सुमारे बारा जणांचा ‘क्लास’ हा चळवळीचा पाया झाला. क्लासचे प्रमुख दीक्षित नव्हते. ते आपापल्या व्यवसायात असलेले साधे स्त्री-पुरुष होते.

प्रवचनाच्या बाबतीतही असेच घडले. १७४० च्या सुमारास वेस्लींच्या अनुपस्थितीत थॉमस मॅक्सफील्ड या अदीक्षित सहायकाने लंडनमध्ये प्रवचन करण्यास सुरुवात केली. हे ऐकताच वेस्ली त्याला रोखण्यासाठी परतले. त्या वेळी त्यांच्या आई सुसाना वेस्ली यांनी त्यांना सबुरीचा सल्ला दिला : निर्णय देण्यापूर्वी त्याचे बोलणे स्वतः ऐक आणि त्याच्या कामाचे फळ पाहा. वेस्लींनी ऐकले आणि आपले मत बदलले. पुढे अदीक्षित, बिनपगारी ‘स्थानिक उपदेशक’ ही मेथडिस्ट व्यवस्थेतील कायमची श्रेणी झाली.

मुंबईतील प्रयोग

अमेरिकेतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे भारतातील काम १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्या आगमनाने सुरू झाले. ते प्रारंभी अवध आणि रोहिलखंड या उत्तरेकडील प्रदेशांपुरते मर्यादित होते. ही सीमा ओलांडली गेली ती विल्यम टेलर यांच्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर प्रवचने करून नावारूपाला आलेले टेलर १८७० च्या अखेरीस लखनौला आले आणि पुढील वर्षाच्या शेवटी मुंबईत पोहोचले.

मुंबईत त्यांनी प्रथम चर्चची इमारत उभारली नाही. सभा घेतल्या आणि त्यांतून पुढे आलेल्या माणसांचे छोटे गट करून ते घराघरांत जमविले. ‘फेलोशिप बँड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गटांचे नेतृत्व नोकरी-व्यवसाय करणाऱ्या सभासदांकडेच होते. १८७२ च्या प्रारंभी या सभासदांनीच आपली रीतसर मेथडिस्ट मंडळी स्थापन करावी, अशी लेखी विनंती टेलर यांना केली. म्हणजेच मुंबईत आधी सामान्य सभासदांची सेवा उभी राहिली आणि चर्च ही संस्था त्यांच्या मागणीतून नंतर आली.

टेलर यांची एक अटही महत्त्वाची होती. परदेशी मिशनरी संस्थेच्या वेतनावर हे काम चालणार नाही. स्थानिक सभासदांनीच त्याचा खर्च उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. ज्याच्या खिशातून खर्च भागतो, त्याचा कारभारातही वाटा असतो, हे या अटीमागचे व्यावहारिक सत्य होते.

या नव्या क्षेत्राला पुढे ‘बॉम्बे अँड बेंगाल मिशन’ असे नाव मिळाले. अरबी समुद्र आणि हुगळी यांच्या काठची ही दोन शहरे अशी एका धाग्यात गुंफली गेली. भायखळ्यातील टेलर मेमोरियल चर्च आजही मुंबईतील त्या प्रारंभाची आठवण देते.

पुण्याचाही यात वाटा आहे. बंगळुरूत जन्मलेले आणि सरकारी मोजणी खात्यात काम करणारे विल्यम ओल्डहॅम १८७० च्या दशकात पुण्यातील मेथडिस्ट सभेत या चळवळीकडे ओढले गेले. १८८५ मध्ये ते सिंगापूरला गेले, तेथील मेथडिस्ट कार्याचे संस्थापक ठरले आणि पुढे बिशप झाले. मोजणी खात्यातील नोकरदार ते बिशप हा त्यांचा प्रवास या परंपरेतील दारे कशी उघडी होती, हे दाखवितो.

कोलकाता : व्यासपीठ नाटकगृहात

१८७३ च्या प्रारंभी टेलर कोलकात्यात आले. पुढील वर्षी जेम्स थोबर्न यांनी तेथील सूत्रे हाती घेतली. श्रोत्यांना जागा अपुरी पडू लागल्यावर कोरिंथियन थिएटर या नाटकगृहात उपासना भरू लागली. १८८८ मध्ये थोबर्न भारत व मलेशिया विभागाचे मिशनरी बिशप झाले.

कोलकात्याच्या या मंडळीतील अदीक्षित सभासदांमध्ये रॉबर्ट लेडलॉ हे नाव ठळक आहे. ‘व्हाइटअवे, लेडलॉ अँड कंपनी’ या त्या काळातील प्रसिद्ध विक्रीदालनाचे ते संस्थापक. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता बॉइज स्कूलला त्यांनी भरघोस साह्य केले. १९०६ ते १९१० या काळात ते ब्रिटिश संसदेचे सदस्यही होते. व्यापारी हा केवळ देणगीदार नसून मंडळीच्या कार्याचा भागीदार असतो, ही मेथडिस्ट धारणा त्यांच्या जीवनात दिसते.

या प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. टेलर यांच्या गटांचे काम प्रामुख्याने इंग्रजी भाषेतून चालले. युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबे त्यात अग्रभागी होती; मराठी आणि बंगाली समाज बहुतांशी बाहेर राहिला. देशी भाषांतील काम पुढे गावोगावच्या शिक्षकांनी आणि ‘बायबल वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांनी वाहून नेले. घरोघरी जाऊन वाचन शिकविणाऱ्या, बाळंतिणीची व आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्या या स्त्रियांचे वेतन तुटपुंजे होते आणि मिशनच्या अहवालांत अनेकींची नावेही आलेली नाहीत. लेडलॉ यांच्या नावाची नोंद इतिहासाने ठेवली. या स्त्रियांची ठेवली नाही.

स्त्रियांसाठी अर्धे उघडे दार

सामान्य सभासद सेवक मानला गेला, तरी सर्व सभासद समान मानले गेले नाहीत. वेस्लींनी सारा क्रॉस्बी यांच्यासारख्या स्त्रियांना सभेत बोलण्याची मुभा टप्प्याटप्प्याने दिली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये, इंग्लंडमधील वेस्लियन परिषदेने स्त्रियांच्या प्रवचनांवर कडक निर्बंध घातले.

अमेरिकी शाखेत सर्वोच्च परिषदेत अदीक्षित पुरुष प्रतिनिधींना १८७२ मध्ये प्रथम स्थान मिळाले. मुंबईच्या सभासदांनी आपली मंडळी मागितली, तेच हे वर्ष. १८८८ मध्ये पाच स्त्रिया रीतसर प्रतिनिधी म्हणून निवडून आल्या. परंतु त्यांना आसन नाकारण्यात आले. स्त्रियांना परिषदेत बसता आले ते १९०४ मध्ये आणि पाळक म्हणून पूर्ण अधिकार मिळाले ते १९५६ मध्ये.

या काळात भारतात स्त्रिया थांबून राहिल्या नव्हत्या. जेम्स थोबर्न यांच्या भगिनी इसाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली. तिचेच पुढे इसाबेला थोबर्न महाविद्यालय झाले. स्त्रियांना परिषदेत आसन नाकारणाऱ्या १८८८ च्या परिषदेनेच ‘डीकनेस’ हे सेविकापद मान्य केले. सेवा करण्यास मान्यता होती, निर्णय घेण्यास नव्हती.

महाराष्ट्रातील एक दुवाही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १८८७ मध्ये मेथडिस्ट मिशनच्या कार्यासाठी मुंबईत आलेल्या मिनी एब्रम्स १८९८ मध्ये केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दाखल झाल्या. रमाबाई मेथडिस्ट नव्हत्या. परंतु कोणतीही पाळकीय दीक्षा न घेता त्यांनी शेकडो स्त्रियांचा समुदाय सांभाळला आणि बायबलचे मराठीत भाषांतर केले. पदाशिवाय सेवा किती दूरवर जाऊ शकते, याचे मराठी भूमीतील हे मोठे उदाहरण आहे.

दीक्षित व अदीक्षित : सीमारेषा कोठे?

पाळक आणि सामान्य सभासद यांच्यातील फरक मेथडिस्ट परंपरेने पुसून टाकलेला नाही. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी सामान्यतः दीक्षित पाळकच करतात. प्रार्थना चालविणे, परवाना घेऊन प्रवचन करणे, रविवारची शाळा घेणे, रुग्णांना भेटणे, हिशेब पाहणे आणि परिषदांत प्रतिनिधित्व करणे ही कामे सभासदांकडे असतात.

हा फरक कामाचा आहे की दर्जाचा, हा खरा प्रश्न. ब्रिटनमधील मेथडिस्ट शाखा १९३२ मध्ये एकत्र आल्या, तेव्हा एकीकरणाच्या दस्तऐवजात त्याचे स्पष्ट उत्तर दिले गेले : सर्व श्रद्धावंतांकडे असलेल्या याजकत्वाहून निराळ्या प्रकारचे याजकत्व पाळकांकडे नसते. पाळक वेगळे काम करतो; तो वेगळ्या जातीचा माणूस ठरत नाही.

भारतात या परंपरेचे प्रवाह वेगवेगळ्या वाटांनी गेले. दक्षिणेतील ब्रिटिश परंपरेच्या मंडळ्या १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात, तर उत्तरेतील १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. अमेरिकी परंपरेतील मंडळ्या स्वतंत्र राहिल्या आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया हे स्वायत्त चर्च अस्तित्वात आले.

मेथडिस्ट व्यवस्थेत पाळकांची नेमणूक बिशप करतात आणि ठरावीक काळाने त्यांची बदली होते. त्यामुळे एखाद्या वस्तीतील कुटुंबांची सुखदुःखे, जुनी वैरे आणि जुने उपकार यांची स्मृती पाळकापेक्षा सभासदांकडेच अधिक काळ टिकते. पाळक बदलतो, क्लासचा प्रमुख तेथेच असतो.

वारकरी परंपरेशी साम्य आणि भेद

मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. पंढरीच्या वाटेवरील संतांमध्ये गोरोबा कुंभार, सावता माळी आणि जनाबाई आहेत. ही माणसे आपापले काम करीत राहिली आणि त्या कामातच त्यांनी भक्ती पाहिली. पौरोहित्याचा अधिकार नसतानाही समाजाने त्यांचा शब्द मानला.

साम्य आहे, तसा भेदही आहे. संतांना मान्यता लोकांच्या प्रेमातून मिळाली. मेथडिस्ट सेवकाला ती नियमांच्या चौकटीतून मिळते. क्लासच्या सभासदांना दर तिमाहीस ओळखपत्रासारखे तिकीट दिले जाई आणि वर्तन बिघडल्यास ते रोखले जाई. स्थानिक उपदेशकाच्या परवान्याचा वेळोवेळी आढावा होई. प्रेरणा अंतःकरणातून येवो, पण तिची परीक्षा समुदायाने करावी, असा हा विचार आहे.

उपासनेबाहेरची सेवा

सभासदाची सेवा उपासनेपुरती मर्यादित नसते, हेही या परंपरेने दाखवून दिले. १८३४ मध्ये इंग्लंडमधील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधल्याबद्दल हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांचे नेते जॉर्ज लव्हलेस हे मेथडिस्ट स्थानिक उपदेशक होते. १९३४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारे ब्रिटिश मजूर नेते आर्थर हेंडरसन हेही अदीक्षित उपदेशक होते. १९४६ मध्ये तोच सन्मान विभागून मिळालेले अमेरिकेचे जॉन मॉट हे आयुष्यभर मेथडिस्ट चर्चचे सामान्य सभासद राहिले. बोलण्याची, ऐकून घेण्याची आणि हिशेब चोख ठेवण्याची शिस्त क्लासमध्ये अंगी बाणली की ती कारखान्यात आणि संसदेतही उपयोगी पडते.

धोके कोणते?

प्रत्येक जण सेवक असेल, तर उत्तरदायी कोण, हा या विचारावरील पहिला आक्षेप आहे. देखरेख नसलेला प्रभावी वक्ता स्वतःभोवती अनुयायांचा गट उभा करू शकतो. दुसरा धोका शोषणाचा आहे. ‘सर्व जण सेवक’ या घोषणेआड संस्था बिनपगारी श्रम करून घेऊ शकतात आणि त्याचा भार बहुधा स्त्रियांवर पडतो. बायबल वुमनचा इतिहास हेच सांगतो.

तिसरा धोका भारतासारख्या बहुधर्मीय देशात विशेष महत्त्वाचा आहे. रुग्णाच्या उशाशी बसणे ही सेवा आहे. परंतु त्याची असहायता ही धर्मप्रचाराची संधी ठरू नये. भेट रुग्णाच्या इच्छेनेच व्हावी, त्याच्या श्रद्धेचा मान राखला जावा आणि मदतीला कोणतीही अट नसावी, ही मर्यादा पाळली नाही तर सेवा या शब्दाचा अर्थच उरत नाही.

यांतील पहिल्या धोक्यावर जुन्या क्लासकडे साधा उपाय होता. गट लहान, भेट दर आठवड्याला, हिशेब सर्वांसमोर आणि प्रमुखालाही प्रश्न विचारण्याची मुभा. बारा माणसांत कोणी फार काळ लपून राहू शकत नाही आणि कोणी विसरलाही जात नाही. दुसऱ्या धोक्यावर उपाय म्हणजे काम करणाऱ्याला निर्णयातही स्थान देणे. त्याला मेथडिस्ट चर्चने फार वेळ लावला.

न्यू टाउनसारख्या शहरात शेजारच्या दारावरील नावाची पाटी वाचता येते, पण आतल्या माणसाची ओळख नसते. उपचारांसाठी आलेल्या कुटुंबाला तर पाटीही नसते. अशा दारावर कोणी थाप मारायची, हा प्रश्न ब्रिस्टलच्या कप्तानासमोर होता आणि मुंबईच्या नोकरदार सभासदांसमोरही होता. त्यांनी नेमणूकपत्राची वाट पाहिली नाही. मेथडिस्ट परंपरेतील सामान्य सभासदाचे सेवकपण त्या निर्णयातून सुरू होते. आणि केलेल्या कामाचा जाब आपल्या मंडळीला देण्याची तयारी असेल, तरच ते टिकते.